तिन्हीसांजेचा स्विच

आमच्या वाड्यावर तिन्हीसांज सूर्यापेक्षा माईच्या बोटाने जास्त व्हायची. माईने बाल्कांवातला काळा स्विच खाली केला की सगळ्या घरांतले टीव्ही एकदम गप्प. बातम्या सांगणारी बाई अर्ध्या वाक्यात, मालिकेतली सासू अर्ध्या टोमण्यात. नदीपलीकडचा उजेड तेवढा कुणाला न विचारता हळूहळू विझत राहिलेला.

वाडा म्हणजे मोठं चौसोपी घर समजू नका हं. आमच्या पेडण्याकडे वाडा म्हणजे वस्ती. चोपड्याला नदीच्या काठी, माडांच्या सावलीत दहाबारा घरं, तो आमचा वाडा. रस्त्यावरून आत वळलं की पहिलं घर माईचं. दारापुढे बाल्कांव, त्यात दोन बाजूंना बसायला सिमेंटचे सोपे, आणि भिंतीवर त्या स्विचची पेटी. मी लग्न होऊन सुर्ल्याहून इथे आले तेव्हाही माई सगळ्यांची माईच होती. तिचं खरं नाव मला फार उशिरा, मतदानाच्या रांगेत कळलं, आणि ते ऐकून मला दुसऱ्याच कुणाला हाक मारल्यासारखं वाटलं.

आता पेटीचं सांगते. केबल आली ती माडावरून फणसावर आणि फणसावरून घराच्या कौलांवर अशी उड्या मारत आली. आमच्यापर्यंत पोचेस्तोवर चित्र अगदी दमून जायचं. माणसं बोलायची पण तोंडं दिसायची नाहीत, सगळीकडे मुंग्याच मुंग्या. केबलवाला म्हणाला, मध्ये बूस्टर बसवायला हवा, म्हणजे चित्राला जोर येईल, पण तो कुणाच्या तरी घरच्या विजेवर चालवावा लागेल. सगळ्यांनी आपापल्या भिंतींची कारणं सांगितली. माई म्हणाली, "माझ्या भिंतीक काय्येक झालेला नाय. लाव हंयसर."

"माई, मग तुमची केबल फुकट," तो खूष होऊन म्हणाला.

"फुकटाचा ऱ्हवांदे. माझी एक अट असा. सांजवात लावताना मी ही बंद करतलंय."

तो हसला. बायका बोलतात काहीतरी, असं त्याला वाटलं असेल. पण त्याच संध्याकाळी माईने हात धुतले, तुळशीपुढे दिवा लावला, आत आली आणि स्विच खाली केला. घराघरातून एकच आरडाओरड. माई शांतपणे तुळशीला फेऱ्या घालत होती. तिचं पुटपुटणं संपलं, तिने पदराने तोंड पुसलं आणि स्विच वर केला. त्या दिवसापासून पोरांनी तिचं नाव बूस्टरमाई ठेवलं.

सुरुवातीला लोक चिडले, मग सवय झाली, आणि मग काय झालं ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. टीव्ही गेला की माणसं बाहेर यायची. आत बसून करणार काय? बायका तुळशीपाशी, पुरुष अंगणात, पोरं वाटेवर. कुणाच्या म्हशीला काय झालं, कुणाची लेक माहेरी आलीय, नदीत आज कसली मासळी मिळाली, सगळ्या बातम्या तेवढ्या वेळात इकडच्या तिकडे व्हायच्या. गप्पा रंगल्या की माईचं पुटपुटणंही लांबायचं, हे मात्र मी पाहून ठेवलं होतं. आमच्या सुर्ल्याला माझ्या लहानपणी सांजेला दारं-जनेलं लावून आत बसायचे, कारण खनिजाच्या ट्रकांची लाल धूळ घरात यायची. संध्याकाळ म्हणजे बंद दारामागचा ट्रकांचा आवाज, एवढंच मला ठाऊक. तिन्हीसांजेला उंबऱ्याबाहेर यायचं असतं, हे मी इथे शिकले. माडांमधून नदी चकाकायची, दिव्यांचे ठिपके एकेका अंगणात उमटायचे आणि माणसांचे आवाज पाण्यावरून आल्यासारखे यायचे. अजून डोळे मिटले की मला तीच वेळ दिसते. कुठल्या वर्षाची, ते नाही सांगता येणार. सगळ्या संध्याकाळी मिळून एकच झालीय.

सगळ्यात मोठा आवाज दिगूचा. हा दिगू आमच्या शेजारचा, होडीवाला, पण क्रिकेट म्हटलं की होडी खुशाल वाहून जाऊ दे. सामना ऐन रंगात आला की नेमकी सांज व्हायची. मग तो अंगणातून ओरडायचा, "माई, शेवटची ओव्हर! आता चालू कर गो!"

माई तुळशीपासूनच उत्तर द्यायची. "सूर्य थांबता काय रे तुझ्या ओव्हरीसाठी?"

"पाच मिनटां गो माई!"

"मगे ये हंय, दिव्यात तेल घाल. तेवढीच माझी पाच मिनटां वाचतली."

आणि तो खरंच यायचा, बडबडत तेल घालायचा. घरी परत जाईपर्यंत सामना संपलेला. कोण जिंकलं ते दुसऱ्या दिवशी पदेराला विचारायचा, पाव घेता घेता.

स्विच हातात होता म्हणून माईने तो मन मानेल तसा वापरला नाही. एकदा एक आई आली, मुलाची दहावीची परीक्षा होती. म्हणाली, माई, महिनाभर रात्री बंद ठेव, त्याचं लक्ष लागत नाही. माईने तिला चहा दिला आणि सांगितलं, "तुझ्या घरच्या टीव्हीक पण बटण असा मगो. ता तू दाब." देवाचा दिवा आणि वाड्यावरचं मरण, या दोनच गोष्टींना पेटी बंद. वाड्यावर कुणी गेलं की माई स्विच खाली करायची, आणि चितेची आग शांत होऊन माणसं आंघोळ करून घरी येईपर्यंत वर करायची नाही. भांडण असलेल्या घरातलं माणूस गेलं तरी तेच. त्या दिवशी दिगूसुद्धा ओरडायचा नाही.

गंमत म्हणजे तिच्या घरी केबल फुकट, पण टीव्ही बघायला ती आमच्याकडे यायची. "एकटीन बघलंय तर झोप येता," म्हणायची. माझ्या शेजारी सोप्यावर पाय वर घेऊन बसायची आणि पडद्यावरच्या बायकांना नावं ठेवायची. माईला मूलबाळ नव्हतं. नवरा फेरीबोटीवर कामाला होता. पूल व्हायच्या आधी नदी ओलांडायची तर फेरीबोटच. अंधार पडायच्या आत बोटीवरचा दिवा लावायचं काम त्याच्याकडे असायचं, आणि माई घाटावर उभी राहून तो दिवा लागलेला बघून मगच घरचा दिवा लावायची. पूल झाला, बोट बंद झाली, त्याची बदली दुसरीकडे झाली. पुढे काही वर्षांनी तो गेला. माई मात्र सांज झाली की एकदा नदीकडे बघायची, मगच काडी ओढायची.

मग ही नवी तार आली. बारीक, चवळीच्या शेंगेपेक्षाही बारीक. कंपनीची माणसं शिड्या घेऊन आली आणि सांगू लागली, या एकाच तारेत टीव्ही, इंटरनेट, फोन सगळं येतं. प्रत्येक घराला आपली वेगळी पेटी, कुणाच्या बूस्टरचं काम नाही. एक घर गेलं, दुसरं गेलं. दिगूने तर मुलाच्या हट्टाने पहिल्याच आठवड्यात घेतली. पावसाळा सरेपर्यंत केबलवर आमचं घर आणि माईचं घर एवढीच उरली. केबलवाला एक दिवस डोकं खाजवत मला म्हणाला, "काकी, तुम्ही पण सोडणार असाल तर आधी सांगा. एका घरासाठी मी बूस्टर नाही ठेवू शकत. काढून नेईन."

म्हणजे माईच्या भिंतीवरची पेटी राहायची की जायची, ते माझ्या हो-नाहीवर आलं.

माझी सून शर्वरी घरून काम करते, ऑफिस बेंगळुरूला. आमच्या माडांखाली मोबाईलची रेंज येते आणि जाते, भरती-ओहोटीसारखी. पोर लॅपटॉप पोटाशी धरून कधी गोठ्यामागे, कधी नदीच्या पायरीवर बसायची. साहेबाशी बोलताना मागे म्हैस ओरडायची. मुलाने एकदा जेवताना मान खाली घालून सांगितलं, "आई, हे असंच राहिलं तर आम्हाला म्हापशाला खोली बघावी लागेल." मी म्हटलं, बघू. तारवाला आला की मी म्हणायची, परवा या. तो परवा यायचा, मी पुन्हा परवा म्हणायची. शर्वरी लॅपटॉपची पिशवी उचलताना माझ्याकडे बघायची. एकीकडे भरलेलं घर, दुसरीकडे माई. रात्री कूस बदलली तरी दोन्ही समोरच.

शेवटी मी एक वाट काढली. इंटरनेटही घ्यायचं आणि केबलही ठेवायची. हे माईला सांगायचं ठरवलं, तर त्या संध्याकाळी तीच आमच्याकडे आली. आमचा टीव्ही बंद झाला होता, म्हणजे सांजवात झाली होती. ती सोप्यावर बसली. बराच वेळ नदीकडे बघत राहिली. मी म्हटलं, "माई, स्विच चालू करून आलीस ना?"

"नाय."

"का गो?"

"बघित होतंय, कोण वरडता काय." मग हसली. "कोण म्हणून वरडाक नाय गो. बसलंय, बसलंय. म्हटला आता दिगू वरडतलो. तो आपल्या घरात, ओव्हर बघता."

मी माझी ती वाट तिला सांगितली. दोन्ही ठेवते म्हटलं.

"माझ्यासाठी? पेटीक नैवेद्य दाखवतलंस?" ती माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली. "अगो, पूल झालो तेव्हा आमचे हे दोन दिवस जेवले नायत. लोक पण म्हणत होते, फेरीबोटीत कसे सगळे एकत्र उभे ऱ्हवायचे, आता जो तो आपल्या गाडीन जातलो. खरा होता ता. पण पयल्या दिवशी पुलावरसून चालत कोण गेला? मी गेलंय. ह्यांचो हात धरून. मध्यावर थांबान दोघांनी नदी बघली. बोटीतसून कधी अशी दिसाक नव्हती."

मग उठली. "उद्या त्या तारवाल्याक बोलव. झिलाक-सुनेक घरात ठेव. पेटी मीच काढून देतंय."

आणि दिली. केबलवाला आला तेव्हा तिने स्विच स्वतःच्या बोटाने खाली केला, पेटीवरचं लुगड्याचं फडकं काढून घडी घातलं, आणि भिंतीवर राहिलेल्या पांढऱ्या चौकोनाकडे बघून म्हणाली, "हंयसर आता कॅलेंडर लावया."

आमच्याकडे नवी पेटी बसली त्या दिवशी माई बघायला आली. हिरवे दिवे लुकलुकत होते. "हेका डोळे किती गो! माझ्या पेटीक एकच होतो." मग वाकून तिने पेटीच्या मागे बघितलं, डावीकडे बघितलं, उजवीकडे. "बंद करूचा बटण खंय?" शर्वरीने भिंतीवरचं बटण दाखवलं. माईने मान डोलावली आणि चहा प्यायली.

पुढच्याच आठवड्यात एका सांजेला मी दिवा लावला, हात पुसत आत आले, आणि माझा हात आपसूक त्या बटणावर गेला. आतल्या खोलीतून शर्वरी धावत बाहेर. "आई, मीटिंग सुरू होती!" मी म्हटलं, "अगो, सूर्य थांबत नाही ना तुझ्या मीटिंगसाठी." तोंडातून निघून गेलं. ती कपाळाला हात लावून बाल्कांवात बसली. समोर नदी तांबूस झाली होती. तिने बराच वेळ बघितली, मग म्हणाली, "मी इतके दिवस त्या पायरीवर बसून काम केलं, पण नदी बघितलीच नव्हती." हल्ली तिने ऑफिसला सांगून ठेवलंय की आमच्या गावात रोज तिन्हीसांजेला वीज जाते. तिचे साहेब बिचारे आमच्या गावाची कीव करतात.

तुळशीच्या लग्नानंतर थोड्याच दिवसांत माई गेली. सकाळी पदेराने हाक मारली, दार उघडलं नाही. झोपेतच. दुपारी दिगूनेच अग्नी दिला, तसं तिने त्याला कधीचं सांगून ठेवलं होतं.

संध्याकाळी मी आमच्या बाल्कांवात बसले होते. तिच्या तुळशीपुढे शर्वरी दिवा लावून आली होती. घराघरांच्या जनेलांत टीव्हीचा निळा उजेड हलत होता. प्रत्येकाची तार वेगळी, पेटी वेगळी. मी आत जाऊन आमचं बटण बंद केलं. बाहेर आले तर शेजारचं जनेल काळोखं झालं होतं. मग त्याच्या पलीकडचं. मग वरच्या वाटेवरचं. कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं. एकेक निळा उजेड विझत गेला आणि माणसं बाहेर आली, जशी पूर्वी यायची, तशीच अंगणात उभी राहिली. फक्त बोलत कुणी नव्हतं.

बंद करायचं सगळ्यांना ठाऊक होतं. पुन्हा चालू कधी करायचं, ते मात्र माईच सांगायची.

बराच वेळ गेला. नदी दिसेनाशी झाली. मग दिगूच्या अंगणातून आवाज आला, ओरडल्यासारखा नव्हे, हळू.

"माई, आता चालू कर गो."

आम्ही सगळे तिच्या बाल्कांवाकडे बघत उभे राहिलो. आपापल्या घरात कुणीच गेलं नाही.