सहा तारांची बेस गिटार
मुलांनो, परवा तुम्ही नव्या गिटारचा फोटो पाठवलात, म्हणून आज हे लिहिते. सत्तरच्या दशकात, सोलापुरात, माझ्या धाकट्या दिरांनी मोडीत निघालेल्या हातमागाच्या सागवानातून घरीच बेस गिटार बनवली. चारऐवजी सहा जाड तारांची. तारा चढवल्या त्याच दिवशी संध्याकाळी ती गावातल्या ऑर्केस्ट्रात वाजवून दाखवायची होती. ऑर्केस्ट्रावाल्यांनी त्यांना घेतलं असतं, तर गिरणीतली नोकरी सोडता आली असती. पत्र्याखालच्या खोलीत पॉलिशचा वास कोंडला होता. दुपारी पाहतो तर तारांच्या ताणानं दांडी वाकलेली. आत लोखंडी सळई घालतात हे घरात कुणाला ठाऊक! "गिटार कुठली, धनुष्य केलंय की रे!" सासरे म्हणाले. आम्ही हसलो, दीरही हसले. मग एकेक तार उतरवत म्हणाले, "वहिनी, चहा टाका की." ऑर्केस्ट्राकडे ते गेलेच नाहीत, निवृत्त झाले ते गिरणीतूनच. दांडी बंबात गेली. सागवानी धड तेवढं अजून माझ्या कपाटावर आहे.