ॲशकोंबचा जागल्या

ॲशकोंबच्या चर्चमध्ये रविवारी प्रवचन सुरू झालं की जार्विस थ्रप काठी घेऊन उठायचा. काठी चांगली पुरुषभर उंचीची. एका टोकाला लाकडी गोळा, दुसऱ्या टोकाला कोल्ह्याची शेपटी. पुरुष पेंगला तर गोळा डोक्यावर, बाई पेंगली तर शेपटी नाकावर. शिवाय आत शिरलेली कुत्री हाकलायची. या कामाबद्दल चर्चकडून त्याला वर्षाला एक जोड बूट आणि थोडे शिलिंग मिळत, आणि गावाकडून शिव्या. गाव त्याला जागल्याच म्हणायचं.

आठवडाभर जार्विस लोकांच्या छपरांवर गवत शाकारायचा. त्या कामात तो काही फार हुशार नव्हता. त्यानं शाकारलेलं छप्पर गळतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण रविवारी त्याच्या हातून कोणी सुटला नाही. त्यानं जमीनदारसाहेबांना उठवलं होतं, सख्ख्या सासऱ्याला उठवलं होतं, आणि एकदा लग्न लागून तास उलटला नव्हता अशा नवऱ्या मुलाला उठवलं होतं. लोहार तर म्हणायचा, "जार्विसा, मेल्यावर मला पुरताना तू लांब उभा राहा बाबा. नाहीतर तिथंही टोचशील." जार्विसला यात थट्टा कळत नसे. तो गंभीरपणे म्हणायचा, "मी कुणाचं तोंड बघत नाही. झोपला की झोपला."

हा त्याचा अभिमान होता, आणि गरीब माणसाला एवढा अभिमान असायला काही हरकत नसावी.

पाद्री टोबायस फेन यांचं त्याच्यावाचून पान हलत नसे. फेनसाहेब बारीक, सदा पडसं झालेले, ऑक्सफर्डला शिकून आलेले आणि मनानं फार भित्रे. प्रवचन ते आठवडाभर खपून लिहीत. सोमवारी सकाळी जार्विस चर्च झाडायला आला की हळूच विचारत, "काल कुठं झोपले रे?"

"मागचा बाक योनाला गिळणाऱ्या माशापाशी गेला, साहेब. गिरणीवाला त्याच्या आधीच."

"आणि माशानंतर?"

"माशानंतर मीच जरा भिंतीला टेकलो होतो, साहेब."

फेनसाहेब हसत. मग इकडेतिकडे बघून खिशातून कागद काढत आणि आपली कविता वाचून दाखवत. देवावरच्या कविता होत्या त्या. गावात कुणाला हे माहीत नव्हतं. पाद्र्यानं यमकं जुळवत बसावं हे चर्चचे कारभारी राल्फ होजकिन यांना खपलं नसतं. होजकिनांचं म्हणणं, ती नाटकवाल्यांची कामं. जार्विसला कवितेतलं ओ की ठो कळत नसे. ऐकून झालं की तो म्हणायचा, "छान आहे साहेब. लवकर संपली." फेनसाहेबांना तेवढी दादही पुरायची.

व्यासपीठावर एक वाळूचं घड्याळ असे. प्रवचनाला चढलं की पाद्र्यानं ते उलटं करायचं आणि वाळू संपेपर्यंत बोलायचं. वाळू संपली आणि पाद्र्याला आणखी सांगायचं असलं, तर त्यानं घड्याळ पुन्हा फिरवायचं, मग लोकांना आणखी तासभर सुटका नाही. फेनसाहेबांनी नवीन असताना एकदा हौसेनं घड्याळ फिरवलं होतं. त्या रविवारी गावात एकाही घरी धड जेवण झालं नाही. होजकिनांकडचा हंस शेकोटीवर जळून कोळसा झाला. दुसऱ्या दिवशी बायका कमरेला पदर खोचावा तशी ॲप्रनं आवळून पाद्रीसाहेबांच्या दारात गेल्या, आणि 'पुन्हा फिरवणार नाही' असं कबूल करवूनच परतल्या. साहेबांनी तो शब्द पाळला होता.

त्या सुगीत जार्विसची मुलगी ॲव्हिस तापानं गेली. एकुलती एक. मोठी हसरी मुलगी, बापाच्या काठीची नक्कल करून आईला हसवणारी. ती गेली आणि जार्विसची बायको मार्जरी हिची झोप उडाली. रात्र रात्र ती चुलीपुढं बसून राही. खुर्चीत जरा डोळा लागला की दचकून उठे. वैदूबाईनं झोप आणणारी हॉपची फुलं भरून उशी दिली, खसखशीचा काढा दिला. काही उपयोग झाला नाही. हिवाळा लागेपर्यंत मार्जरी वाळून निम्मी झाली. जार्विस दिवसा लोकांची छपरं शाकारी आणि रात्री तिच्यासमोर जागत बसे. काय बोलावं ते त्याला कळत नसे.

त्यातच होजकिनांनी त्याला गाठलं. होजकिन माणूस वाईट नव्हता, पण शिस्तीपुढं त्याला काही दिसत नसे.

"जार्विस, हल्ली तुझं लक्ष नसतं. मागच्या रविवारी दोघं जण घोरत होते."

"चुकलं साहेब. घरी जरा—"

"घरचं मला माहीत आहे. वाईट वाटतं मला. पण पुन्हा कुणी झोपलेलं दिसलं तर काठी दुसऱ्याकडं जाईल. सांगून ठेवतो."

जार्विसनं घरी हे मार्जरीला सांगितलं. ती म्हणाली, "जाऊ नका देऊ काठी. तेवढंच तर तुमचं आहे."

पुढच्या रविवारी चर्चमध्ये हाडं गोठवणारी थंडी होती. लोक एकमेकांना चिकटून बसले होते. फेनसाहेबांनी घड्याळ उलटं केलं आणि सुरुवात केली. जार्विस त्या दिवशी डोळ्यांत तेल घालून फिरत होता. गिरणीवाल्याला त्यानं दोनदा टोचलं. एका म्हातारीला शेपटी फिरवली, तर ती म्हणाली, "मेल्या, प्रार्थना करतेय मी." वाळू निम्म्याहून खाली गेली असेल, तेव्हा तो बायकांच्या बाकांकडं वळला आणि थबकला.

मार्जरी झोपली होती.

पेंगत नव्हती, झोपली होती. मान शेजारणीच्या खांद्यावर, तोंड किंचित उघडं, हात मांडीवर सैल पडलेले. शेजारीण अवघडून बसली होती, हलत नव्हती. जार्विसनं काठी उलटी केली, शेपटी पुढं घेतली आणि बाकापर्यंत गेला. आजूबाजूचे डोळे त्याच्याकडं लागले. ज्यांना ज्यांना त्यानं आजवर उठवलं होतं, ते सगळे तिथं होते. आता जागल्या काय करतो, हे सगळ्यांनाच बघायचं होतं.

त्याचा हात वर झाला आणि तसाच राहिला. मग त्यानं काठी हळूच भिंतीला टेकवली आणि तिच्या बाकाशी नुसता उभा राहिला.

पुढच्या बाकावरून होजकिन घसा खाकरले. जार्विस हलला नाही. होजकिनांनी बोटानं खूण केली. जार्विसनं मान हलवली, नाही म्हणून. तेव्हा होजकिन स्वतःच उठले आणि त्यांचे बूट फरशीवर वाजायला लागले.

"होजकिनसाहेब, बसा," व्यासपीठावरून आवाज आला. फेनसाहेब गावात कुणाला कधी असं बोलले नव्हते. "माझं बोलणं चालू आहे."

होजकिन बसले. आश्चर्यानंच बसले म्हणायचे.

फेनसाहेबांनी आवाज उतरवला. प्रवचन पुढं चाललं, पण हळू, तान्हं मूल निजलेल्या घरात बोलतात तसं. थोड्या वेळानं वाळू संपली. लोकांनी शाली सावरल्या. आता उठायचं, बाक सरकणार, घंटा वाजणार. फेनसाहेबांनी झोपलेल्या मार्जरीकडं पाहिलं, हात पुढं केला आणि घड्याळ फिरवलं.

कुणी हूं की चूं केलं नाही. घरोघर चुलीवर मांस चढवून आलेल्या बायका होत्या त्या.

सांगण्यासारखं साहेबांकडं काहीच उरलेलं नव्हतं, हे पहिल्या बाकापासून शेवटच्यापर्यंत सगळ्यांना दिसत होतं. त्यांनी कागद चाळले, ठेवून दिले. मग, कानशिलं लाल करून, ते पाठ म्हणायला लागले:

"प्रभो, रात्री घरधनीण निखाऱ्यावर राख ओढते,
तशी माझ्यावर ओढ.
विझलो असं लोकांना वाटू दे.
राखेखाली मी तुझाच आहे,
पहाटे तू फुंकर घालशील."

ती संपली, मग दुसरी, मग तिसरी. जार्विसला त्या ओळखीच्या होत्या. सोमवारी झाडू हातात धरून त्यानं त्या ऐकल्या होत्या आणि एकीचाही अर्थ कधी मनावर घेतला नव्हता. आज बायकोच्या श्वासाकडं लक्ष ठेवून ऐकताना त्याला पहिल्यांदा वाटलं की हा माणूसही रात्री जागत असला पाहिजे. कुणी खोकलं नाही. लोहारानं आलेली शिंक टोपीत दाबली. होजकिन समोर बघत ताठ बसून होते, आणि त्यांच्या घरी पुन्हा हंसच चढवलेला होता.

दुसऱ्यांदा वाळू संपली तेव्हा मार्जरीनं आपोआप डोळे उघडले.

बाहेर पडताना होजकिन जार्विसपाशी थांबले. भिंतीला टेकवलेली काठी त्यांनीच आणली होती. "ही विसरलास," असं म्हणून ती त्याच्या हातात देऊन ते भराभरा घराकडं चालू लागले. जळल्याचा वास रस्त्यापर्यंत येत होता.

जार्विस आणि मार्जरी घराच्या वाटेला लागले. मग मार्जरी म्हणाली, "सगळ्या गावादेखत झोपले मी. मला उठवलं का नाही तुम्ही? काठी गेली असती ना."

"गेली असती तर गेली असती."

"असं कसं? स्वतःच्या बापाला उठवलं असतंत तुम्ही."

जार्विसला बोलायची सवय नव्हती. तो थांबला. "तू खुर्चीतून दचकून उठतेस ना, तेव्हा आधी तुला काही आठवत नसतं. ॲव्हिसला हाक मारायला तोंड उघडतेस. मग आठवतं, आणि तुझं तोंड... सुगीपासून रोज बघतोय मी ते. बाकी कुणालाही उठवीन गं. पण ते तुला आठवून देणारा हात माझा नको होता."

मार्जरीनं शाल घट्ट ओढली.

"आज उठले तेव्हा मला माहीत होतं," ती म्हणाली. "झोपेतसुद्धा माहीत होतं, ती नाही म्हणून. तरी झोप लागली."

मागून सगळं गाव येत होतं, आणि जार्विस थ्रप भर रस्त्यात, बायकोचा हात धरून, मुलगी गेल्यानंतर पहिल्यांदा रडला.