फोड्याचा ठोसा

फोड्याला खऱ्या नावाने हाक मारणारं माणूस एकच, त्याची बायको, आणि तीही चिडली तरच. लहानपणी घरात जे जे चालू होतं ते ते त्याने फोडून पाहिलं. रेडिओ, शिलाई मशीन, मामाचं मनगटी घड्याळ. वडिलांनी प्रत्येक वेळी पट्ट्याने सोलून काढला, तरी खोड गेली नाही. पुढे एका कंपनीने फोडण्याचाच पगार देऊ केला, तेव्हा वडिलांनी कपाळावर हात मारून घेतला.

कंपनी पत्रा वाकवणाऱ्या मशीनचं सॉफ्टवेअर बनवायची. खालच्या मजल्यावरचे लिहायचे, वरचे टेस्टर त्यातल्या चुका काढायचे आणि जिन्यात दोघांची जुंपायची. एकदा खुर्ची भिरकावली गेली, एकाच्या भुवईला टाके पडले. मग मालकांनी फर्मान काढलं: टेस्टरने वेगळं बसायचंच नाही, ज्याचं काम तपासायचं त्याच्या मांडीला मांडी लावून बसायचं. म्हणजे म्हणे भांडणं मिटतील. मालक तसे भाबडेच. जिन्यातली मारामारी टेबलावर आली, एवढंच झालं.

फोड्याच्या वाट्याला आले जावईबापू, मालकांचे धाकटे जावई. डोकं हुशार, पण त्यात राख घालून घ्यायला निमित्त लागत नसे. पहिली चूक दाखवली तेव्हा त्यांनी फोड्याचा कीबोर्ड टेबलाच्या कडेवर आपटून दोन तुकडे केले. दुसरीला गरम चहा त्याच्या मांडीवर ओतला. तिसरीला कॉलर धरून भिंतीवर आदळलं. बाकीचे मान खाली घालून स्क्रीनकडे बघत राहिले, षंढ लेकाचे.

"अहो, दातओठ खा, पण हात खिशात ठेवा," बायको डबा देताना बजावायची. "मालकांच्या जावयाला बोट लावलंत तर घरी बसाल."

फोड्या हात खिशात ठेवत होता. मग ती चौथी चूक सापडली.

माणसाचा हात आत असेल तर मशीनचं पातं जागीच थांबायला हवं. थांबायचंही. फक्त मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं, की पहिल्या वेळी त्याला हात दिसतच नसे. मशीन दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईकाच्या कारखान्यात जाणार होतं. तिथे कुणाचा तरी पंजा जाणार, हे फोड्याला स्वच्छ दिसत होतं.

त्याने जावईबापूंना मशीन जोडायच्या शेडमध्ये नेलं, मशीन बंद करून सुरू केलं आणि लाकडी पट्टी आत धरली. पट्टीचा भुगा झाला.

"लाकूड आणि माणूस सारखा असतो का रे, गाढवा?" जावईबापूंनी सगळ्या कामगारांसमोर त्याच्या कानाखाली जाळ काढला. फोड्याचा ओठ फाटला. "माझ्याकडे बरोबर चालतं. बंद कर, पुन्हा सुरू कर. आता हा माझा हात. बघ!"

मशीन बंद होऊन पुन्हा सुरू झालं तसा त्यांनी पंजा आत घातला, पायाने पेडल दाबलं आणि फोड्याचा ठोसा त्यांच्या जबड्यावर बसला. दात तुटल्याचा आवाज झाला. जावईबापू मागे कोलमडले, पातं न थांबता खाली आलं आणि त्यांच्या मोकळ्या बाहीचं टोक तेवढं चिरडून गेलं. बाही फाडून त्यांना सोडवावं लागलं.

मालक धावत आले. कामगारांनी झालं ते सांगितलं, तसं त्यांनी फोड्याला मिठीच मारली. "माझ्या लेकीचं कुंकू राखलंस रे!" मशीन पाठवायचं थांबवलं गेलं, फोड्याचा पगार वाढला. बायकोने शेजारीपाजारी सांगून सांगून घसा बसवून घेतला. फोड्याला मात्र अन्न गोड लागेना. कुणी शाबासकी दिली की त्याला शिसारी येई, स्वतःचीच.

जबड्याच्या तारा निघाल्यावर जावईबापू कामावर आले आणि गुपचूप त्याच्या शेजारी बसले. फोड्याला राहवलं नाही.

"साहेब, मी तुम्हाला वाचवायला मारलं नव्हतं. मशीनकडे माझं लक्षच नव्हतं. तुमचं तोंड फोडायचं होतं, बस."

"ठाऊक आहे," जावईबापू तुटक्या दातांतून म्हणाले. "तू माझ्याकडेच बघत होतास. सासरेबुवांना बोललो नाही." त्यांनी आपला स्क्रीन त्याच्याकडे वळवला. "नव्याने लिहिलंय. आता ह्याच्याकडे बघ."

फोड्याने खुर्ची पुढे ओढली. बंद करून पुन्हा सुरू केल्यावर काय होतं, तेच त्याने आधी तपासायला घेतलं.