दहा हजार एकावी पणती

"ही एक पणती बाहेर काय करतीय? रांगेत नंबर लावायला आली काय?" अण्णांनी माझ्या नकाशावर बोट ठेवलं.

अण्णा पुण्याजवळच्या मांजरी गावातले जुने शेतकरी, आता बिल्डर. सोसायटीच्या उद्घाटनाला त्यांना दहा हजार एक पणत्या हव्या होत्या. शुभकार्य, वर एक हवीच. मी हडपसरच्या सलीमशेठच्या डेकोरेशनमध्ये कामाला. शंभर ओळी, ओळीत शंभर, उरलेली एक पुढं मधोमध, असं मी काढून नेलं होतं.

"ड्रोनचा फोटो हाय. चौकोन भरीव पायजे. एक बी बाहेर नको, एक बी कमी नको."

बाहेर आल्यावर शेठ म्हणाले, "सुरेश, ऑर्डर गेली तर तुझ्या गावाचं, गडचिरोलीचं तिकीट मी काढून देतो." ते हसले, मी नाही. सातवीत शाळा सोडलेल्या मला या माणसानं काम दिलं होतं, गोडाऊनवर खोली दिली होती.

मोबाईलवर भागाकार सुरू केले. तीननं दोन उरतात. सातनं पाच. अकरानं परत दोन.

शेठची मुलगी रुबीना अकरावीत होती. ती म्हणाली, "दादा, मूळ संख्या निघाली तर संपलंच. तिच्या सारख्या ओळी पडतच नाहीत."

"मग कुठपर्यंत बघू?"

"शंभरपर्यंत बास. ओळी शंभराच्या वर गेल्या, तर ओळीतल्या पणत्या शंभराच्या आत येणार. तो आकडा तुम्ही आधीच तपासलेला असेल."

त्र्याहत्तरला शून्य उरलं. त्र्याहत्तर ओळी, ओळीत एकशे सदतीस. मी फोन कपाळाला लावला. दुसरा कुठलाच चौकोन बसत नाही, असंही रुबीनानं सांगितलं.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारपर्यंत सगळ्या पणत्या मांडून झाल्या. अण्णा खूश. तेवढ्यात त्यांच्या आई आल्या. हातात देव्हाऱ्यातली पणती.

"ह्यातली एक उचल. दहा हजार एकावी माझी. आन् ती सगळ्यांच्या म्होरं."

"आई, अगं चौकोनाला भोक पडंल!"

"चौकोन तुझा. जमीन कुणाच्या नावावर हाय?"

अण्णा माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "तो तुझा पहिला नकाशा फेकला का रं?"

"खिशात आहे."

सगळं मैदान पुन्हा मांडलं. शंभर ओळी, ओळीत शंभर, पुढं एक. फोटो झकास आला. माझी खोलीही राहिली.

आता मोठी ऑर्डर आली की भागाकार नंतर करतो. आधी विचारतो, सातबारा कुणाच्या नावावर आहे?