आत्तीची शिट्टी आनि बाभळीचं तिकाटनं

आमच्या आत्तीला, म्हंजे माझ्या सासूला, पुढचं दोन दात नव्हतं, आनि त्या फटीतनं ती अशी शिट्टी घालायची की रस्त्यावरची बैलं जागच्या जागी थांबायची. नवरा मेलेल्या बाईनं शिट्टी घालायची व्हय? गल्लीतल्या बाया पदर तोंडाला लावायच्या. आत्ती म्हनायची, "दात माझं गेल्यात, मग शिट्टीबी माझीच. तुमचं काय गेलं गं?"

ते दात कशापायी गेलं ते सांगायला बसलीया. शाळा माझी तिसरीपतोर, मांडीवर पोरगी, कवा उठंल नेम न्हाय. म्हनून सुचंल तसं सांगते.

आमचा लव्हाराचा कारखाना निपाणीतनं चिकोडीकडं जानाऱ्या रस्त्याला हाय. चाकाला धाव बशिवनं, नांगराचा फाळ शेवटनं, म्हंजे तापवून टोक काढनं, असली कामं बारा म्हैनं. पन गुऱ्हाळं सुरू व्हायच्या आधी चरक येत्यात, ऊस पिळायचं लोखंडी चरक. त्यात तीन लाटा, म्हंजे लोखंडी रूळ, उभ्या असत्यात, एकेक लाट रेड्यावानी जड. ती उचलल्याबिगर खाली काय झिजलंय ते दिसत न्हाय. उचलायची कशी, तर तालमीतली पोरं बोलवायची, दोरात वासा घालायचा, बजरंगबलीचं नाव घ्यायचं आनि खांद्यावर घ्यायची. मग एकानं खाली वाकून हात घालायचा. माझं मामंजी असंच वाकलंतं. वरच्या एकाचा पाय घसरला. मी लगीन होऊन यायच्या आधीचं हाय हे.

मामंजींच्या माघारी ते वाकायचं काम आमच्या ह्यांच्याकडं आलं. मी दाराआड उभी ऱ्हायची, पोटात पोरगी हुती तवाबी, डोळं गच्च मिटून, आनि लाट खाली टेकल्याचा आवाज आला की मग श्वास घ्यायची. आत्ती डोळं मिटायची न्हाय. एकदा असंच काम झाल्यावर ती पोरांम्होरं येऊन म्हनली, "ह्या लोखंडाला मी एक मानूस दिलाय. दुसरा देनार न्हाय." रडली न्हाय. भाजीवालीला ह्या दरानं घेनार न्हाय म्हनावं, तसं म्हनली.

माझं चुलतसासरं, तात्या, एका वक्ताला तालमीत गाजलेलं. ते हसलं. "वैनी, मग लाट काय मंतरानं उचलायची?"

"मंतरानं न्हाय, भावजी. मोटंनं."

तवा लढाई चालू हुती, लोखंड मिळंना, बेळगावात साखळीची कप्पी मागितली तर दुकानदार वर बघायचा. पन आमच्याकडं काम घेऊन येनारं एक जैन शेतकरी हुतं, अण्णा म्हनायचो त्यास्नी. त्यांच्या मळ्यात हिरीवर इंजान बसलंतं आनि मोटंचं चाक तसंच पडून हुतं. आत्ती डोईवर घालून घिऊन आली ते. अण्णा मागनं वरडायलेत, "यव्वा! आक्का, गडी देतो की!" आनि ही म्होरं चाललीया तरातरा.

मग तीन बाभळीची खोडं आनली, वर एकत्र बांधली, ते तिकाटनं झालं. त्याला वर चाक टांगलं. दोन पायाच्या मधी आडवा गोल ओंडका बशिवला, त्याला भोकं पाडली, भोकात पहारी घातल्या. पहार फिरवली की ओंडक्यावर दोर गुंडाळायचा आनि लाट वर यायची. ह्यांनी आईचं ऐकून सगळं केलं, तात्या खाटंवर बसून तंबाखू मळत बघायचं.

पयल्या दिशी एका बाजूला हे, एका बाजूला आत्ती. लाट उठली! मी दाराआडनं बघितली, भुई सोडून वर आली ती! आनि वर टेकली तसं हे म्हनलं, "हो मागं!" आनि पहार सोडली.

आता ह्यांची काय चूक म्हनायची? आजोळी ल्हानपनापास्नं मोट मारलेला मानूस. मोट वर आली की पानी आपसूक पाटात सांडतंय, बैलं मागं घ्यायची, दोर ढिल्ला सोडायचा. हाताला सवय ती. पन लाट काय पानी हाय सांडायला? ती धाडदिशी खाली आली, ओंडका उलटा गरगरला आनि पहार आत्तीच्या तोंडावर बसली.

रगत बघून मी बोंबच मारली. हे तर तितंच बसलं डोस्कं धरून. तात्या म्हनलं, "झाली हौस? बायामानसांनी मोट मारली आनि दात सांडलं!"

आत्ती पदर तोंडाला दाबून भिताडाला टेकून बसली.  आमच्या दाराकडं बघत हुती टक लावून. मला वाटलं, आता काय ही उठत न्हाय. तर पदर काढून म्हनली, आनि बोलताना पयल्यांदा ती शिट्टी निघाली बगा, "वाऱ्यानं दार का उघडत न्हाय रं? अडसर हाय म्हनून. ह्याला अडसर कुटं घातलाय आपुन?"

मग ओंडक्याच्या टोकाला लोखंडी दात्यांची चकती बशिवली आनि वर एक लोखंडी जीभ. ओंडका म्होरं फिरला की जीभ दात्यावरनं उडी मारून खाली पडायची, टक्. मागं फिरायचं म्हनलं तर फिरूच द्यायची न्हाय. आत्ती फटीवर बोट ठिवून म्हनायची, "माझं दोन गेलं, त्याला ईस बशिवलं."

खंडेनवमीला हत्यारांची पूजा असती. तिकाटन्याला हळद-कुकू लावायला तिनं मला म्होरं केलं. तात्या म्हनलं, ऐरणीशेजारी हे लाकडाचं भूत पुजायचं न्हाय. आत्ती म्हनली, "तू लाव गं. मी बांधलंय, मी बघते कोन पुसतंय."

आनि मग अण्णांचा चरक आला. तात्यांनी आधीच तालमीतली पोरं बोलवून ठिवलेली. ह्यास्नी म्हनलं, "चल, वाक." हे आईकडं बघाय लागलं. तात्या म्हनलं, "त्या टांगन्याचा काय भरवसा? तुटलं तर? बाईच्या यंत्राखाली मी पोरगं घालनार न्हाय."

"तालमीतल्या पोरांच्या खांद्याखाली घालशीला, व्हय?" आत्ती म्हनली. मग मला म्हनली, "पोरगीला पाळन्यात टाक. पहार धर."

 एकीकडनं हे, एकीकडनं मी. टक्, टक्, टक्. लाट वर गेली. आत्तीनं दोन शिट्ट्या घातल्या, आमी थांबलो. आनि ही बया घरात गेली, भाकरी आनि खर्डा घिऊन आली, आनि त्या टांगलेल्या लाटंच्या खाली मांडी घालून बसली जेवायला!

कोन हालंना. अण्णा म्हनलं, "आक्का, येळू, येळू. ऊठ!" मला वाटाय लागलं माझ्याच हातातनं सुटतंय सगळं. सगळा भार जिभंवर टेकलेला, तरी मी पहार जीव खाऊन धरलीती. ती आपली चावायलीया सावकाश, दात न्हाईत म्हनून आनिकच सावकाश.

"वैनी, उठा की," तात्या म्हनलं. आवाज बारीक झालता.

"तुमी या बसायला. मग उठते."

"मानलं की. उठा आता."

"भाकरी टाकून उठायची रीत न्हाय आमच्यात."

सगळी संपवली तिनं. हात धुतलं. पोरं कवाच तालमीकडं गेलती.

तवापास्नं आमच्या कारखान्यात खांद्यावर लाट घेतली न्हाय कुनी. आत्ती उंबऱ्यात बसायची. एक शिट्टी, वढा. दोन शिट्ट्या, थांबा.

औंदा गुऱ्हाळाच्या आधी ती तापानं गेली. शेवटी शेवटी तिला बोलता यायचं न्हाय, पन कारखान्यातली टक् टक् ऐकू आली की डोळं उघडायची, आनि थांबली की मिटायची.

तिचं दिवसपानी झाल्यावर पयला चरक आला. लाट बांधली, पहारीला मानसं उभी ऱ्हायली, आनि तशीच उभी ऱ्हायली. कुनी वढंना. उंबऱ्याकडं बघायलेत सगळी. हेबी. तात्या हळूच म्हनलं, "जाऊ दे. पोरं बोलवतो."

मी दाराआड हुते, पोरगी काखंला. माझं दात सगळं धड, मला कुटली शिट्टी येतीया? आनि सासरच्या मानसांम्होरं मी कवा तोंड उघडलं न्हवतं.  पन तात्यांचं ऐकून हे पहार सोडून खाली वाकायला निघालं, आनि मी उंबऱ्यात आले.

"तात्या, बाजूला सरा!" मी वरडले. "वढा रं!"

पोरगी दचकून रडाय लागली. रडू दिली. ओंडका फिरला, लाट भुई सोडून उठली, आनि जीभ पडली, टक्.