रेगे काका, दोन शहरं आणि दोन चिठ्ठ्या

संशयी माणसाच्या समोर राहिलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत. दाराबाहेरच्या चपलांसारखे ते आपोआप साचतात. डोंबिवली पूर्वेला आमच्या मजल्यावर, अगदी समोरच्या दारात, रेगे काका राहतात. रेल्वेतून टीसी म्हणून रिटायर झाले, पण तपासणं काही सुटलं नाही. तुम्ही नुसतं म्हणा, आज गुरुवार आहे, की काका विचारणार, "पुरावा काय?" कॅलेंडर दाखवलं तर ते कुठल्या वर्षाचं आहे तेही बघणार!

काकू एकदम उलट. तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, मलाही शिकवला. नकाशावर पट्टी फिरवत युरोपच्या नद्या सांगायच्या, आणि डॅन्यूब आली की तिथे जरा जास्तच रेंगाळायच्या.

तर निखिल, म्हणजे त्यांचा मुलगा, जर्मनीत असतो. त्याने दोघांना बोलावलं. मध्ये त्याला चार दिवस सुट्टी होती. आईचे गुडघे बघता एकच शहर होईल म्हणाला, प्राग नाहीतर व्हिएन्ना, तुम्ही ठरवा. काकांना प्रागचं ते शेकडो वर्षं चालणारं घड्याळ बघायचं होतं. रेल्वेचा माणूस, घड्याळावर जीव. काकू नुसतं 'व्हिएन्ना' म्हणाल्या, कारण सांगितलं नाही. मला मात्र स्वयंपाकघरात बोलावून म्हणाल्या, "मनीषा, जन्मभर दुसऱ्यांच्या मुलांना दाखवली गं ती नदी. मला एकदा तिच्या काठावर उभं राहायचंय."

हे काकांना सांगा की, म्हटलं. तर म्हणतात, "सांगितलं तर पुरावा मागतील."

*

निखिलला फोनवर विचारलं, दोन्हींपैकी चांगलं कुठलं? तो बिचारा म्हणाला, दोन्ही छान आहेत. झालं! फोन ठेवल्यावर काका आम्हाला सांगतात, दोन्ही छान म्हणणारा साक्षीदार कोणाला तरी फितूर असतो. काकू म्हणाल्या, अहो, तो आपला मुलगा आहे. काका म्हणाले, "म्हणूनच जास्त काळजी वाटते."

*

खालच्या मजल्यावरचे सामंत दोन वर्षांपूर्वी व्हिएन्नाला जाऊन आलेले. काकांनी त्यांना चहाला बोलावलं. सामंत तासभर कौतुक करत होते. बागा काय, राजवाडे काय, केक काय! फोटो दाखवले, ते काकांनी एकेक मोठा करून तपासले.

सामंत गेल्यावर काकांनी निकाल दिला. माणूस फसलाय. एकटा फसलेला माणूस गप्प बसत नाही, सोबतीला आणखी चार जण शोधतो. प्रागला गेलेलं ओळखीत कोणीच नव्हतं, म्हणून प्रागवर त्यांचा विश्वास जरा वाढला.

*

मग निखिलने सांगितलं की दोन्ही शहरांत मेट्रोला गेट नाही. आपलं तिकीट घ्यायचं, शिक्का मारायचा आणि बसायचं. काका खुर्चीत ताठ झाले. गेट नाही, तर लोक तिकीट काढतात कशाला? निखिल म्हणाला, टीसी असतात ना बाबा, साध्या कपड्यात फिरतात.

 काका अगदी दुखावलेल्या आवाजात म्हणाले, "आणि मला पस्तीस वर्षं काळा कोट घालून उभं केलं. पब्लिकला लांबूनच दिसायचा!"

*

तिकडे पाकीटमार फार, असं काकांनी कुठेतरी वाचलं. लगेच काकूंचं ट्रेनिंग सुरू. कल्याणच्या भाजी मार्केटमध्ये त्या दुधी निवडत होत्या, तेव्हा काकांनी मागून गुपचूप त्यांच्या पर्समध्ये हात घातला. काकूंनी वळूनही न बघता हातातला दुधी असा काही हाणला की दुधीचे दोन तुकडे झाले. भाजीवाली हसून हसून बेजार.

चार दिवस काकांच्या मनगटाला क्रेप बँडेज. मला हळूच म्हणाले, तिने आधीच ओळखलेलं असणार मला, एवढ्या जोरात अनोळखी माणसाला कोणी मारत नाही. मी काकूंना विचारलं, तर त्या कणीक मळत राहिल्या.

*

काकू व्हिएन्ना का म्हणतात, याचाही तपास चालूच होता. एकदा काकू देवळात गेलेल्या तेव्हा काका माझ्या दारात, हातात गुंडाळी. शाळेने टाकून दिलेला युरोपचा नकाशा, काकूंनी कपाटावर जपून ठेवलेला. काकांनी तो माझ्या जेवणाच्या टेबलावर पसरला आणि डॅन्यूबच्या काठावर, व्हिएन्नापाशी बोट ठेवलं. बाकी नकाशा धड होता, पण तिथे कागद झिजून आतलं कापड दिसत होतं. इथेच का झिजलाय, त्यांनी विचारलं.

मला राहवलं नाही. पट्टीचं टोक तीस वर्षं तिथेच थांबायचं काका, म्हटलं, आणि काकू काय म्हणाल्या होत्या तेही सांगून टाकलं. त्यांनी नकाशा गुंडाळला आणि गेले. पुरावा मागितला नाही! मी मनात म्हटलं, चला, सुटलं एकदाचं.

कसलं काय. दुसऱ्याच दिवशी जाहीर केलं, माणसांचा भरवसा नाही, टिटवाळ्याला गणपतीसमोर चिठ्ठ्या टाकू. आणि वर म्हणाले, चिठ्ठ्या मीच लिहिणार.

*

मंगळवारी आम्ही तिघं टिटवाळ्याला गेलेलो. काकांनी चिठ्ठ्या घरूनच लिहून आणलेल्या, खोलीचं दार लावून. रिक्षात काकू माझ्या कानात म्हणाल्या, दोन्हींवर प्राग असणार बघ, एवढी वर्षं संसार केलाय. मलाही तेच वाटत होतं. आता काय करायचं, विचारलं, तर नुसत्या हसल्या.

दर्शन झालं. बाहेर पायरीवर काकांनी पेढ्यांच्या बॉक्सच्या झाकणावर दोन चिठ्ठ्या ठेवल्या. काकूंनी हात जोडले, एक चिठ्ठी उचलली, आणि न उघडताच पेढ्याबरोबर तोंडात टाकून गिळली!

 काकू शांतपणे म्हणाल्या, "देवाचा कौल, प्रसाद म्हणून घेतला. आता उरलेली उघडा. तिच्यावर जे शहर असेल ते मी काढलेलं नाही. आपण दुसऱ्या शहरात जायचं."

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. दोन्हींवर प्राग, म्हणजे उरलेलीवर प्रागच निघणार, म्हणजे काकूंच्या पोटात व्हिएन्ना. सापडले काका!

काका चिठ्ठी उघडेनात. राहू दे, घरी गेल्यावर बघू, म्हणायला लागले. मग तर खात्रीच पटली. काकूंनी मला खूण केली. मी उघडली.

काकांचं ठसठशीत अक्षर. व्हिएन्ना.

काकूंचा चेहरा खर्रकन उतरला. म्हणजे पोटात गेलं ते प्राग. अट त्यांनीच घातलेली, तीही देवाच्या दारात. इतक्या वर्षांची नदी एका पेढ्याबरोबर गेली. मला फार वाईट वाटलं.

काका पायरीवर बसले. चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग खाली बघूनच म्हणाले, "दोन्हींवर व्हिएन्नाच लिहिलं होतं मी."

काकूंनी त्यांना वरपासून खालपर्यंत एकदा नीट बघितलं.

"पुरावा काय?"