रिबेकाबाईंनी ऐकलेलं हृदय

रिबेकाबाई गेल्याचं त्यांच्या मुलीनं इस्रायलहून फोन करून सांगितलं, तेव्हा मी उलव्याच्या घरी कणीक मळत होते. फोन ठेवला आणि तशीच उभी राहिले... बाई इथल्याच ज्यू समाजातल्या, त्यांचे बहुतेक नातलग केव्हाच तिकडे गेले होते. त्या मात्र कामोठ्यात लहान मुलांचा दवाखाना चालवत राहिल्या आणि अगदी थकल्यावरच मुलीकडे गेल्या. आज माझी सई सात वर्षांची आहे, ती त्यांच्यामुळे.

सई सहा महिन्यांची असताना आमच्या इमारतीभोवती सगळीकडे बांधकामं सुरू होती. धुळीपायी आम्ही खिडक्या उघडतच नसू. काचेतून ऊन यायचं, त्यात तिला निजवायचे आणि मला वाटायचं, मिळतंय हिला ऊन. मग ती अंगावर पिताना मध्येच धापा टाकायला लागली, कपाळ घामानं भिजायचं. सर्दीची औषधं देऊन झाली. शेवटी सासूबाई आणि मी तिला कामोठ्याला घेऊन गेलो. बाईंनी छाती ऐकली, टाळू चाचपली, मनगटं दाबून पाहिली आणि एकदम म्हणाल्या, "घरी नेऊ नका. माझ्याबरोबर हॉस्पिटलमध्ये चला."

तिथं इकोमध्ये दिसलं, हृदय फुगलेलं आणि जेमतेम चालणारं. हृदयाचे डॉक्टर म्हणाले, स्नायूचाच आजार असेल तर फार काही हातात नाही. बाईंनी रक्तातलं कॅल्शियम आणि डी जीवनसत्त्व तातडीनं तपासायला लावलं. रिपोर्टची वाट बघत असतानाच माझ्या मांडीवर सईला झटका आला... डोळे वर, मुठी आवळलेल्या. माझ्या सासूबाई जवळच्याच गव्हाण गावच्या, आगरी बोलणाऱ्या. त्यांनी बाईंचा हात घट्ट धरला.

"आमची पोर वाचंल ना? खोटा नको सांगूस, बाय."

"खात्री नाही देत, आजी. पण मला वाटतंय तेच कारण निघालं, तर हृदय पुन्हा सावरतं."

तेच निघालं. डी जवळजवळ नव्हतंच, त्यापायी कॅल्शियम घसरलेलं आणि हृदयाला बळच उरलं नव्हतं. शिरेतून कॅल्शियम अगदी हळू सोडलं. ठोके मंदावले तर लगेच थांबवायचं, म्हणून बाई मॉनिटरवरून नजर हलवेनात. मी एवढंच विचारलं, "माझ्या दुधात काही कमी होतं का?"

"दूध उत्तम आहे गं. पण कुणाच्याच दुधात डी पुरेसं नसतं आणि काचेतल्या उन्हातून ते मिळत नाही. बाळाला रोज थेंब द्यायचे असतात. तुला कुणी सांगितलंच नाही!" चिडल्या होत्या त्या, पण माझ्यावर नाही.

झटके थांबले. हृदय सावरायला मात्र कित्येक महिने गेले. प्रत्येक इकोला बाई स्वतः यायच्या, पडद्याकडे बघत उभ्या राहायच्या. एकदा मात्र मागे वळल्या आणि डोळे पुसत हसल्या...

इस्रायलला निघण्याआधी भेटायला आल्या, तेव्हा त्यांनी आपला स्टेथोस्कोप सईच्या कानांत घातला, दुसरं टोक तिच्याच छातीवर ठेवलं. जाताना तो तिलाच देऊन गेल्या. मी तिला बातमी सांगितली त्या दिवशी ती तो कानांना लावून पलंगावर बसली, बराच वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली, "आई, नीट चालू आहे. बाईंना सांगायचं राहिलं ना..."